नकाशात नसलेला जिना
वाचकांचे प्रश्न : घरबांधणी आणि परवाना

दिवाळी सरली, रस्त्यावरचा चिखल वाळला, की लोकांना बांधकाम आठवतं. या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे. मी एका महापालिकेच्या नगररचना विभागात एकोणतीस वर्षं काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांच्या पत्रात बाकीच्यांचंही दुखणं आहे, अशी पाच घेतो.

प्रश्न : आमचा प्लॉट तीस बाय चाळीस, बाराशे चौरस फुटांचा. मंजूर लेआउटमधला, बिनशेती झालेला. खाली हॉल, किचन, एक खोली आणि वर दोन खोल्या असं बांधायचं आहे. ठेकेदार म्हणतो, दीड हजार फुटांच्या आत आता परवानगीच लागत नाही, सोमवारी लाईनआऊट देऊन खड्डे घेऊ. घेऊ का?
– एक वाचक, कराड

सोमवारी नको. ठेकेदार खोटं बोलत नाही, पण अर्धं वाक्य बोलतोय.

मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं सोडली, तर राज्यभर एकच नियमावली लागू आहे. २ डिसेंबर २०२० ला ती मंजूर झाली. तिचं लांबलचक सरकारी नाव तुम्हाला लागणार नाही, आर्किटेक्टकडे 'युडीसीपीआर' म्हणा, पुरे. तिच्यात छोट्या प्लॉटसाठी सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६१४ चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर मंजुरीची वाट बघावी लागत नाही. लोकांच्या तोंडी त्याचं 'दीड हजार फूट' झालं. तुमचा प्लॉट १११ मीटरच्या आसपास, म्हणजे तुम्ही त्यात बसता. पण मोजायचा तो प्लॉट, बांधकाम नव्हे. आणि 'वाट बघावी लागत नाही' याचा अर्थ 'कागद लागत नाहीत' असा होत नाही.

मालकीचा उतारा, मोजणीचा किंवा मंजूर लेआउटचा नकाशा, घराचा नकाशा, आणि 'हे बांधकाम नियमात बसतं' असा परवानाधारक अभियंत्याचा किंवा आर्किटेक्टचा दाखला, एवढं नगरपालिकेत द्यायचं. विकास शुल्क आणि इतर रकमा भरायच्या. त्याची जी पोच मिळते तीच परवानगी. प्लॉट १५० ते ३०० मीटरच्या दरम्यान असता तर दहा दिवसांत परवाना, असा नियम आहे. थोडक्यात, रांग माफ केली आहे, सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, माफ केलेली नाहीत. उलट जबाबदारी वाढली. पूर्वी आमच्यासारखा कोणी तरी लाल पेन घेऊन नकाशा तपासायचा. आता चूक कुणाला दिसते? शेजाऱ्याला. तीही स्लॅब पडल्यावर. पोच न घेता खड्डे घेतलेत तर नगररचना अधिनियमाचं कलम ५२ आहेच, त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद लिहिलेली आहे. कैद झालेला घरमालक मी तरी पाहिला नाही, नोटीस हातात घेऊन जिन्यावर बसलेले खूप पाहिलेत.

आता पैशांचं. विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी, दरावरून निघतं, त्यामुळे तुमच्या गल्लीचा दर बघून अभियंत्याकडून आधीच आकडा काढून घ्या. बांधकामाचा खर्च सुटीच्या मर्यादेवर गेला, की एक टक्का कामगार उपकर लागतो. स्वतःच्या राहत्या घराला ही मर्यादा पूर्वी दहा लाखांची होती, नोव्हेंबर २०२५ पासून ती पन्नास लाखांची आहे. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हे दोन्ही रकाने नसतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरात वाद होतो.

आणि खड्डे घेण्याआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. लेआउटचे दगड दिसतात म्हणून थांबू नका. हे मी अनुभवाने सांगतो, आणि थोडी लाज वाटते म्हणून कॉलममध्ये आजवर लिहिलं नव्हतं. १९९८ साली माझं स्वतःचं घर बांधताना मी मोजणीचे पैसे वाचवले. शेजाऱ्याची कंपाउंड भिंत उभी होती, तिला दोरी लावून लाईनआऊट दिलं. जोतं भरून झालं, सहकारी मोजायला आला. आमच्याच खात्याचा, मैत्रीतला. टेप धरली आणि गप्प झाला. शेजाऱ्याने भिंत स्वतःच्या हद्दीच्या सव्वा फूट आत बांधली होती. म्हणजे मी ज्याला माझी हद्द समजत होतो ती त्याची जागा, आणि माझी बाजूची मोकळी जागा तेवढीच कमी. एका बाजूचं जोतं फोडून पुन्हा बांधलं. त्या वर्षी बायकोला पाटल्या करायच्या ठरलं होतं. त्या झाल्या २००३ ला.

राहिला नकाशा. जे बांधायचंय तेच काढायला सांगा. हे का म्हणतोय, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : आमचा प्लॉट १८०० चौरस फुटांचा, गावठाणाबाहेरच्या वसाहतीत, समोर नऊ मीटरचा रस्ता. २०२१ साली रीतसर परवाना काढून घर बांधलं. मंजूर नकाशात जिना घराच्या आतून आहे. काम चालू असताना सासरे म्हणाले, पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा तर जिना बाहेरून हवा. मग तो उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत घेतला. आता मुलाच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढायचं आहे, तर बँक भोगवटा प्रमाणपत्र (घर मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) मागते. अर्ज केला, तर जिना पाडा म्हणतात. घरपट्टी दर वर्षी वेळेवर भरतो. मग घर बेकायदा कसं? दंड भरून प्रकरण मिटवता येईल का?
– एक गृहिणी, सोलापूर

ताई, आधी घरपट्टीचा गैरसमज. घरपट्टी इमारतीवर लागते, तिच्या कायदेशीरपणावर नाही. उलट महापालिका अधिनियमात कलम २६७-अ आहे. बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय. तुमचं बिल काढून बघा, शास्तीचा रकाना रिकामा आहे का. रिकामा असेल तर कोणाचं लक्ष गेलेलं नाही इतकंच.

दंडाचं म्हणाल तर नकाशाबाहेरच्या कामाचे दोन प्रकार पडतात. आमच्याकडे रोज येणाऱ्या लोकांनाही ते वेगळे करून कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रकार क्षेत्राचा. मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधलं. तुमचा प्लॉट १६७ चौरस मीटर. विरळ वस्तीच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१. त्याने १८४ मीटर होतात. त्यावर राहत्या घराला साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून घेता येतं, म्हणजे आणखी ११० मीटर. बेरीज २९४ मीटर, सव्वातीन हजार फुटांच्या थोडी खाली. तुमच्या पत्रातल्या मापांवरून दोन्ही मजले मिळून बाराशे-तेराशे फूटच आहेत. म्हणजे क्षेत्र तुमच्याकडे पडून आहे. एखादी खोली वाढवली असतीत, तर सुधारित नकाशा आणि चलन, एवढ्यात काम झालं असतं.

दुसरा प्रकार जागेचा. तुमचं अडलंय ते इथे. बाजूचं सामासिक अंतर ही विकत मिळणारी वस्तू नाही. ती जागा तुमची असली तरी मोकळी ठेवायच्या अटीवर परवाना मिळालेला आहे. शेजाऱ्याच्या खिडकीचा उजेड, ड्रेनेजचं चेंबर, आग लागली तर शिडी उभी करायला जागा, सगळं तिथे. आयुक्तांना खऱ्या अडचणीच्या प्रकरणात अंतरात सवलत द्यायचे अधिकार आहेत, त्याला वेगळं अधिमूल्य पडतं. पण अडचण म्हणजे प्लॉट वेडावाकडा आहे, रस्तारुंदीत गेला आहे, अशी. 'भाडेकरूला वेगळं दार हवं' ही सोय झाली. अर्ज करू नका असं नाही, पण त्याच्या भरवशावर बँकेला तारीख देऊ नका. २०१७ साली प्रशमनाची, म्हणजे पैसे भरून बेकायदा बांधकाम नियमित करायची, योजना आली होती, तिचा कोणी दाखला देईल. ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरती होती. तुमचं घर त्यानंतरचं.

मग करायचं काय? पुन्हा कार्यालयात जाण्याआधी परवानाधारक अभियंत्याला घरी बोलवा आणि आहे तसं घर मोजून घ्या, टेपने, कोपरा न कोपरा. तो नकाशा मंजूर नकाशावर ठेवा. जिन्याशिवायही दोन-तीन फरक निघतील. खिडकी सरकली असेल, छज्जा लांबला असेल, ड्राय बाल्कनी बंद करून स्वयंपाकघरात घेतली असेल. ते सगळं एकदम सुधारित प्रस्तावात घाला. एकेक फरक साइटवर सापडला की एकेक त्रुटीपत्र निघतं, आणि प्रत्येक वेळी फाईल खालपासून वर जाते.

नंतर मंजूर नकाशात जिथे जिना आहे तिथे जाऊन उभ्या राहा. तिथे आज काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, देवघर. अशा घरांत बहुतेक वेळा देवघरच पाहिलंय मी, आणि ते हलवायला घरात कोणी तयार नसतं. स्लॅब टाकताना जिन्याचा चौक मोकळा सोडला होता का, की तोही भरला, हे स्ट्रक्चरल अभियंत्याला दाखवा. चारी बाजूंनी बीम असतील तर तेवढा स्लॅब कापून आत लोखंडी किंवा आरसीसी जिना बसवता येतो. मिस्त्रीच्या अंदाजाने कापू नका. जिना आत आला, बाहेरचा उतरवला, की भोगवट्याची वाट मोकळी. भाडेकरूचं दारही साधतं. जिना पुढच्या दाराजवळ असेल तर छोटी लॉबी काढून दोन दारं करता येतात. सासऱ्यांना हे नकाशावर दाखवा, नुसतं बोलून पटायचं नाही. त्यांचा हेतू चांगला होता, फक्त त्यांनी तो नकाशा काढायच्या आधी सांगायला हवा होता.

अजून दोन कागद शोधा. एक, जोते तपासणीचा दाखला. तो घेतलेला असेल तर मूळ घर जागेवर बरोबर बसलंय याचा तोच पुरावा. ठेकेदाराने 'बघून घेतो' म्हणून सोडला असेल तर आता सगळं पहिल्यापासून मोजलं जाईल. दोन, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्ष चालतं, दर वर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षं. तुमचं २०२१ चं. नूतनीकरण केलं नसेल तर सुधारित प्रस्तावाबरोबर तोही विषय निघेल, आधीच तयारीत राहा.

आणि या मधल्या काळात नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा काम पाडायची, नोटीस आलीच तर ती फ्रिजवर चिकटवून ठेवू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. मुदत गेली की तो रस्ताही गेला.

प्रश्न : ऑनलाइन अर्ज करून सत्तर दिवस झाले. मधे एकदा क्वेरी निघाली होती, आर्किटेक्टने उत्तर टाकलं. तो म्हणतो, साठ दिवस झाले की मानीव परवानगी असते, काम सुरू करा. हे खरं आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

गुरुजी, मानीव परवानगी म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर मिळाली असं धरायची परवानगी, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ती आहे. पण साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा तुम्ही शेवटच्या क्वेरीला दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यातली जी नंतरची असेल तिथून मोजायचे. आर्किटेक्टला विचारा, उत्तर कधी अपलोड केलं. माझी शंका अशी, की क्वेरी महिनाभर त्यांच्याच लॉगिनमध्ये पडून असेल. ऑनलाइन झाल्यापासून फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं, आणि पुष्कळदा ती आपल्याच टेबलावर असते.

दुसरं, मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या प्रस्तावालाच मिळते. बसतो की नाही हे पुढे कोणी ठरवायचं, तर पुन्हा त्या कार्यालयानेच. म्हणून खड्डे घेण्याऐवजी आधी लेखी पत्र द्या, 'अमुक तारखेला साठ दिवस पूर्ण झाले' असं, आणि आवक क्रमांक घ्या. बहुतेक वेळा त्या पत्रानेच फाईल हलते. नकार आला तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं, चाळीस दिवसांत. नकाराच्या पत्राचं पाकीटसुद्धा जपून ठेवा, कारण दिवस ते हातात पडल्यापासून मोजतात.

प्रश्न : कृष्णेपासून जवळच दीड गुंठा जागा बघितली आहे. मालक नोटरी करून द्यायला तयार आहे, खरेदीखत नंतर बघू म्हणतो. एजंट सांगतो, जागा निळ्या रेषेत असली तरी जोतं उंच घेतलं की परवाना मिळतो. भाव चांगला आहे.
– एक वाचक, सांगली

भाव चांगला असणारच.

निळी पूररेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधता येत नाही, जोतं कितीही उंच घ्या. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे परवानगी मिळते, तिथे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायची अट असते. एजंटाने दुसऱ्या पट्ट्याचा नियम पहिल्या पट्ट्याला लावून दाखवला. गट नंबर देऊन भाग नकाशा आणि झोन दाखला काढा, तुमची जागा कुठे पडते ते त्यात कळतं. तुम्ही सांगलीचे, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, तेव्हा ही जागा कुठे होती ते एजंटाला नको, तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा. भिंतीवर खूण दाखवील.

आणि नोटरी. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, तो कायदा १९०८ चा आहे. नोटरीच्या कागदावर उताऱ्याला नाव लागत नाही, आणि उताऱ्यावर नाव नसेल तर परवान्याचा अर्ज पहिल्याच रकान्यात अडतो. गुंठेवारीत, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांच्या कायद्यात, नियमित होईल असं कोणी म्हणेल. २००१ च्या त्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी, आणि पूरपट्ट्यात तीही उपयोगाची नाही. ही जागा सोडा.

प्रश्न : परवान्यासाठी फीशिवाय 'वरचे' किती धरायचे? आमच्या इथे एकाने आकडा सांगितला आहे, तो सोबत लिहिला आहे. तो योग्य आहे का?
– नाव-गाव नको

आकडा छापत नाही. योग्य आहे का, हा प्रश्न मला विचारलात याचंच नवल वाटलं, पण राग नाही. इतकी वर्षं त्या खात्यात काढली, तेव्हा तिथे काय चालतं ते मला माहीत नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा, झोन दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. प्रत्येकीची मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असते. मुदत टळली की त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करायचं, त्याला वकील लागत नाही. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होतो. रक्कम लहान वाटेल, पण ती त्याच्या खिशातून जाते, म्हणून तो घाबरतो. पैसे मागितलेच, तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. मात्र फोन पैसे देण्याच्या आधी करायचा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. आकडा सांगणारा माणूस कार्यालयातला आहे असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. 'आमच्या इथला एक जण' एवढंच आहे. असे लोक कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतात, आतल्या कोणाला ते ओळखतही नसतात, आणि ज्या फाईली आपोआप मंजूर होणार असतात त्यांचेच पैसे घेतात. त्याने तुमची फाईल खरंच जमा केली आहे का? केली असेल तर पोचेवर आवक क्रमांक असेल. तो मला कळवा, पुढचं उत्तर त्यावर देतो.